विश्लेषण : बाळाचे वजन मोजले, आईच्या मनाचे काय?

डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत कुपोषणाची चर्चा बाळाच्या वजनाभोवती फिरते. बाळंतपणानंतर आईला येणारे नैराश्यही बाळाच्या वाढीशी जोडलेले असते, हे मात्र दुर्लक्षित राहते. ते कसे ओळखायचे आणि गावातच आधार देता येईल का, याविषयी...

हे नैराश्य किती आढळते?
देशातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळले. गोव्यातील अभ्यासात गरिबी, पती-पत्नीतील ताण, मारहाण आणि मुलाची अपेक्षा असताना मुलगी होणे ही जोखमीची कारणे दिसली. डहाणू-तलासरीत यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गुजरातच्या बोटींवर गेलेले खलाशी कित्येक महिने घरी नसतात.

बाळावर काय परिणाम होतो?
नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांचे वजन व उंची सहाव्या महिन्यात कमी असण्याचे प्रमाण अधिक होते, असे गोव्यातील पाहणीत दिसले. बौद्धिक विकासातही फरक आढळला. थकलेल्या, उदास आईला वेळेवर पाजणे, बाळाशी बोलणे, आजारात दवाखाना गाठणे जड जाते. हा तिचा निष्काळजीपणा नसून आजार आहे.

ओळखायचे कसे?
प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा आपोआप ओसरते. उदासी, झोप-भूक उडणे, अपराधी वाटणे, बाळाविषयी ओढ न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तपासणी हवी. १९८७ पासून वापरात असलेल्या ‘एडिनबरो’ प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयी १० प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. त्याचे उत्तर ‘होय’ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे आवश्यक ठरते. वारली वा इतर बोली बोलणाऱ्या महिलेला मात्र हे प्रश्न तिच्या बोलीतच विचारायला हवेत.

गावपातळीवर काय शक्य?
नवजात बालकाच्या गृहभेटींत आशा सेविका ४२व्या दिवशी घरी जाते. पुढेही तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटी ठरलेल्या आहेत. याच भेटींत आईची विचारपूस करता येईल. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात आरोग्य सेविकांनी घरी जाऊन समुपदेशन केले, तेव्हा सहा महिन्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य उरले. नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ते ५३ टक्के होते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले.

अडचण कुठे?
आशांवर आधीच कामांचा भार आहे. प्रशिक्षण, मोबदला आणि पुढे पाठवण्याची सोय नसेल, तर प्रश्नावली हा आणखी एक कागद ठरेल. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असली, तरी त्यासाठी हाती फोन आणि पाड्यावर नेटवर्क हवे. उपचारांसाठी दाखल व्हावे लागले तरी, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे आईपासून वेगळे करता येत नाही. घरच्यांची ही भीती दूर झाली, तर उपचारांची वाट थोडी सोपी होईल.