काटा त्यांचा, कुलूपही त्यांचेच



व्यापारी आपल्या कापसाची ओल तपासतो, कवडी निवडून दाखवतो, भाव पाडतो. त्याचा काटा मात्र आपण तपासायचा नाही! 2 जी मोबाईलची व्यवस्था याच न्यायाने बांधलेली आहे. टॉवर आपल्या सिमकार्डाची ओळख तपासतो. समोरचा टॉवर खरा, की कुणी गाडीत यंत्र ठेवून उभा केलेला खोटा, हे कळण्याची सोय आपल्या फोनला ठेवलेलीच नाही. ही खोड 3 जी पासून काढली. पण कीपॅडचे 2 जी फोन आजही आपल्याच खिशात आहेत, आणि कापसाच्या चुकाऱ्याचा, बँकेच्या ओटीपीचा मेसेज त्यावरच येतो.

आता कुलपाचे ऐका. बोलणे आणि मेसेज हवेतून जातात, म्हणून ते सांकेतिक करून पाठवतात. 2 जी चे हे कुलूप, ए5/1, 1987 साली घडवले आणि त्याची घडण गुप्त ठेवली. झाकले म्हणजे पक्के झाले? 2000 साली बिर्युकोव्ह, शमीर आणि वॅग्नर या संशोधकांनी साध्या संगणकावर ते कसे उघडते हे दाखवले. 2009 साली कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने ते उघडण्याचे तक्ते जगजाहीर केले. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने काय करावे? नोलचेच काम बेकायदा ठरवले! मापातले पाप दाखवणाराच पापी.

याहून संतापाची गोष्ट 2021 साली बाहेर आली. मोबाईलवरच्या इंटरनेटसाठी 1998 साली युरोपात जीईए-1 नावाचे कुलूप बनले होते. किल्ली 64 बिटांची म्हणून सांगितली. जर्मनी, फ्रान्स, नॉर्वेच्या संशोधकांनी गणित मांडून दाखवले की जोर फक्त 40 बिटांचा. म्हणजे सांगितले त्यापेक्षा 1 कोटी 67 लाख पटींनी कच्चे! असे चुकून होणे जवळजवळ अशक्य, हेही त्यांनी दाखवले. कारण काय, तर निर्यातीचे नियम. पक्के कुलूप देशाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा सरकारी हट्ट. निर्यातबंदीने कापसाचा भाव पडताना पाहिलेल्या आम्हांला हा चेहरा नवा नाही.

दिल्लीही मागे नव्हती. इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या जुन्या परवान्यात, परवानगीवाचून 40 बिटांहून मोठी किल्ली वापरू नये, असे कलमच होते.

शेतकऱ्याच्या फोनात चोरण्यासारखे असते काय, असे शहरातले शहाणे विचारतात. पीककर्ज, विम्याची रक्कम, वर्षाचा चुकारा. वर्षातून एकदाच येणारा पैसा गेला तर पुढच्या पेरणीचे बियाणे कशाने घ्यायचे, ते त्यांनी सांगावे.

आम्हांला फुकटचे फोन नकोत. कुलपाची घडण उघडी ठेवा, कुणालाही तपासू द्या, आणि खोट दाखवणाऱ्या संशोधकावर खटला भरू नका. 2 जी बंद करायचे असेल तर जरूर करा. आधी वस्तीवर 4 जी ची रेंज पोचवा. जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. येताना आपला फोन 2 जी आहे की 4 जी, तेवढे पाहून या.