भोंगा नसलेली गिरणी

उन्हाळ्यात आमच्या हैदराबादेत संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजलेले असतात. शाळेत असताना हे भूगोलाचे ज्ञान मला फारसे उपयोगी पडले नव्हते. आता मात्र आमच्या घरचा स्वयंपाक त्यावर चालतो. ज्यांच्यासाठी मी काम करते त्या मंडळींची बैठक तिकडच्या सकाळी दहाला भरते. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून मी त्या बैठकीला बसते, आणि दुसऱ्या कोपऱ्यावर माझा आठ वर्षांचा मुलगा गृहपाठ करीत असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात. त्या दिवसापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तीच बैठक आमच्या साडेआठला येते. आपल्याकडे वर्षभर एकच प्रमाणवेळ. घड्याळाचा काटा इथे कोणी हलवीत नाही. जेवण मात्र दर हिवाळ्यात तासाभराने पुढे जाते.

माझा व्यवसाय वेब डेव्हलपरचा. सोप्या शब्दांत सांगायचे तर मी वेबसाइट बांधते. आपण मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढता, विजेचे बिल भरता, तेव्हा जी पाने आपल्यापुढे उघडतात, तशी पाने लिहिणे आणि ती बिनतक्रार चालू ठेवणे हे माझे काम. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेली पहिली वेबसाइट १९९१ साली सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे हा व्यवसाय माझ्या थोरल्या भावापेक्षाही वयाने लहान आहे, आणि वयाला साजेसा हट्टीही आहे. दुकानदार रात्री दुकान बंद करून घरी जातो. वेबसाइटला बंद होण्याची वेळच नसते. आपण झोपतो तेव्हा कोठे तरी कोणी तरी जागा असतो आणि त्याला त्याच क्षणी काही तरी विकत घ्यायचे असते. म्हणून आम्ही सहा जण आठवड्याआठवड्याची पाळी लावून घेतो. पाने उघडेनाशी झाली, की पहाऱ्यावर ठेवलेला एक प्रोग्राम पाळी असलेल्याच्या मोबाइलवर कर्कश घंटा वाजवतो. मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तथापि रात्री उठावे लागते याचे मला तितकेसे दुःख नाही. परिचारिका उठतात, रेल्वेचे लोक उठतात. खरा त्रास निराळाच आहे. हे काम हातात कमी आणि डोक्यात अधिक असते, आणि लॅपटॉप मिटला तरी डोके मिटत नाही. एकदा आमच्या एका पानावर काही ग्राहकांची जन्मतारीख एक दिवस अलीकडची दिसू लागली. सर्वांची नव्हे, काहींचीच. संगणक वेळ साठवताना बहुधा ग्रीनिचच्या हिशेबाने साठवतो, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्या मध्यरात्रीचे बारा हे तिकडच्या हिशेबाने आदल्या संध्याकाळचे साडेसहा ठरतात. तारखेबरोबर कोणी नकळत मध्यरात्रीची वेळही नोंदली, की माणूस कागदोपत्री एक दिवस आधी जन्मतो! हे उमगायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी घरीच होते, मुलाला वाढत होते, सासूबाईंशी बोलत होते. आणि आमटीत दोनदा मीठ घातले. मुलाने शाळेतली एक गोष्ट तीनदा सांगितली म्हणे. मला ती आजही ठाऊक नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहावयास घेतले, त्याकडे वळते. गेल्या वर्षी सासूबाईंच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. सकाळी आठला रुग्णालयात पोहोचायचे होते. यजमान बँकेच्या कामासाठी बाहेरगावी गेलेले. मी बरोबर जाणार हे ठरलेले. पाळीही माझीच होती, पण रात्र निवांत जाईल असा माझा होरा. अडीच वाजता घंटा वाजली. त्याच संध्याकाळी केलेल्या एका बदलामुळे मालाची मागणी नोंदवण्याचे पान बंद पडले होते. आमच्या धंद्यात एक जुना शहाणपणाचा रिवाज आहे : रात्री दुरुस्ती करू नये, मागे जावे. लिहिलेल्या प्रत्येक बदलाची नोंद जपलेली असते. आदल्या दिवशी नीट चालणारी प्रत पुन्हा चालू करून द्यावी, झोपावे, आणि चूक दिवसा शोधावी. दहा मिनिटांचे काम. पण मला चूक दिसल्यासारखी वाटली, आणि ती आताच काढून टाकू अशी ईर्ष्या झाली. पेंगुळलेल्या डोळ्यांनी मी चाचणीसाठीचा तक्ता समजून खऱ्या तक्त्यातल्या नोंदी पुसल्या. मध्यरात्रीची राखीव प्रत होती, म्हणून सर्वनाश टळला. पण त्यानंतरच्या नोंदी एकेक करून जुळवण्यात सकाळचे साडेनऊ वाजले. सासूबाई शेजारच्या वहिनींबरोबर रिक्षाने गेल्या. जाताना त्यांनी माझ्याजवळ चहाचा पेला ठेवला होता. तो तसाच थंड झाला.

दोष सर्वस्वी माझा होता. मागे जाऊ नकोस असे मला कोणीही सांगितले नव्हते.

सासूबाई त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी, डोळ्यावर काळा चष्मा लावून बसल्या असताना, त्यांनी आपल्या लहानपणची हकीकत काढली. त्यांचे माहेर मुंबईत लालबागचे. वडील गिरणीत साच्यावर होते. "प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा सूर निराळा गं," त्या म्हणाल्या. "आमच्या गिरणीचा वाजला, की आई चहाचं आधण ठेवायची. बाबा दमून यायचे, पण आले म्हणजे आलेच. साचा काही ते खांद्यावर टाकून आणत नसत." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तुझी गिरणी दिसायला लहान. पण तिला भोंगाच नाही."

मी काही त्या गिरण्यांचे गोडवे गात नाही. तिथल्या रातपाळीने किती जणांची प्रकृती खंगली हे त्याही जाणतात. शिवाय तो भोंगा, निदान सुटीचा तरी, कामगारांना फुकट मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा आठवड्याची सुटी ही मागणी होती, हक्क नव्हे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने घातली, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही ती होती. मोजायला सोपे होते : फाटकातून आत गेलेला माणूस कामावर, बाहेर आलेला घरी. माझ्या घराला असे फाटक कोठे आहे? फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर कचेरीच्या संदेशांपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात घातला; ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तसेच केले. आपल्या लोकसभेत २०१८ साली या आशयाचे एक खासगी विधेयक आले, पण ते कायद्यात उतरले नाही. कायदा यावा असे मला मनापासून वाटते. पण अडीच वाजता ईर्ष्येने चूक शोधणाऱ्या बाईला कायदा तरी काय करणार?

आमच्या घरी एक चावीचे गजराचे घड्याळ होते, यजमानांच्या कॉलेजच्या दिवसांतले. सासूबाईंनी ते माळ्यावरून काढून पुसले आणि रात्री नऊचा गजर लावला. गजर झाला की लॅपटॉप कपाटात. उन्हाळ्यात हे साधते. हिवाळ्यात बैठक लांबली तर गजर साडेनऊचा असतो. आठवड्यातून एखाद दिवस मी तो बंद करून पुन्हा कामाला बसते, हेही कबूल केले पाहिजे. तशा दिवशी मुलगा म्हणतो, "आज गिरणीला ओव्हरटाइम." त्याला हा शब्द कोणी शिकवला, ते मी विचारलेले नाही.

आणखी एक बदल झाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. पाळ्यांचा महिन्याचा तक्ता आता आमच्या स्वयंपाकघरात, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी टांगलेला असतो. पूर्वी तो फक्त माझ्या मोबाइलमध्ये होता. माझी पाळी आहे हे घरच्यांना घंटा वाजल्यावर कळे. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा सासूबाईंनीच तक्ता पाहून सांगितले, की तो आठवडा तुझा आहे. कोचीच्या एका सहकाऱ्याने माझी पाळी घेतली. ओणमच्या आठवड्यात मी त्याची घेतली. शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही दोघी साडेसातलाच रुग्णालयात जाऊन बसलो. तासभर काही काम नव्हते. सासूबाईंनी मला लालबागच्या चाळीतल्या शेजारणींची नावे एकामागून एक सांगितली, आणि या वेळी मी ती ऐकली.

येत्या सोमवारपासून पुन्हा माझी पाळी आहे. घड्याळाला त्या आठवड्यात चावी द्यायची नाही, असे ठरले आहे. मुलाचा गृहपाठ यजमान घेणार आहेत, आणि टेबलाचा माझा कोपरा मी आजच पडवीत हलवला आहे.