सांगायचे दात आणि खायचे दात

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मराठी भाषेने दातांवर जेवढी मेहनत घेतली आहे, तेवढी मराठी माणसाने स्वतःच्या दातांवर घेतलेली दिसत नाही. आपण रागाने दातओठ खातो, दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो, दाताच्या कण्या होईपर्यंत एखाद्याला समजावतो, आणि वर ‘दात कोरून पोट भरत नाही’ असा शेराही मारतो. ही शेवटची म्हण चिक्कूपणाबद्दल आहे हे मला ठाऊक आहे. परंतु ती शब्दशः घेतली तर दंतवैद्य तिला एवढेच उत्तर देतील की, पोट भरत नसेल, पण दात वाचतात. प्रस्तुत लेख या दात कोरण्याविषयी, म्हणजे त्याच्या आधुनिक अवताराविषयी, फ्लॉसविषयी आहे. विषय वार्षिकाच्या पानांना शोभण्याइतका भारदस्त नाही असे कोणास वाटल्यास त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग निवाडा करावा, ही विनंती.

ज्यांनी फ्लॉस पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मी स्वतः तो महाविद्यालयात आल्यावर प्रथम पाहिला. आमच्या गावच्या किराणा दुकानात तो मिळत नाही. बहुधा मेण लावलेला, बारीक नायलॉनचा तो दोरा असतो. हातभर दोरा तोडायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, दोन दातांच्या फटीत हळूच सरकवायचा आणि दाताच्या कडेला घासून बाहेर काढायचा. कारण साधे आहे. ब्रशचे केस दाताची पुढची, मागची आणि वरची बाजू घासतात. दोन दात जेथे एकमेकांना खेटून बसतात तेथे ते पोचत नाहीत. तेथे जंतूंचा चिकट थर साचतो, लाळेतील क्षारांनी तो कठीण होऊन त्याचे किटण बनते, मग हिरड्या लाल होतात, सुजतात आणि चूळ भरताना रक्त दिसू लागते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली याने १८१९ साली आपल्या पुस्तकात या कामासाठी रेशमी दोरा वापरण्याचा सल्ला दिला होता. सल्ल्याला दोनशे वर्षे उलटून गेली. तो खरोखर मानतात किती जण?

ज्या देशात हा दोरा कोणत्याही दुकानात मिळतो त्या अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. २००९ ते २०१२ या काळातील तेथील सरकारी आरोग्य पाहणीत तीस वर्षांच्या व त्याहून मोठ्या माणसांना विचारले गेले की, गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही फ्लॉस वापरला? शंभरातील सुमारे ३२ जणांनी ‘सातही दिवस’ म्हटले, जवळजवळ तितक्याच लोकांनी ‘एकही दिवस नाही’ म्हटले, आणि उरलेले ‘अधूनमधून’वाले निघाले. पुढे २०१५ साली तेथील हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने एक पाहणी करविली. तीत शंभरातील २७ जणांनी कबूल केले की, किती वेळा फ्लॉस करतो याबद्दल आपण दंतवैद्याशी खोटे बोलतो. आता दंतवैद्याशी खोटे बोलणारा माणूस पाहणी करणाऱ्याशी खरेच बोलेल याची हमी कोणी द्यावी? तेव्हा पहिल्या पाहणीतील ३२ या आकड्यातही थोडे पाणी असावे, असा तर्क करण्यास हरकत नाही.

आपल्याकडे अशी पाहणी झाली तर काय दिसेल हे सांगण्यासाठी आकडे लागत नाहीत. पंगतीत बसलेल्या माणसास ते दिसते. आमच्याकडे दात कोरण्याची तिथी ठरलेली असते, ती म्हणजे मटणाचा रविवार. एरवी मक्याचे कणीस, ऊस किंवा सुपारीचे खांड हे निमित्त. साधनांची मात्र वाण नाही. काडीपेटीतील काडी, खराट्याचा हीर, बांगडीला अडकवलेली पिन, आणि जुन्या माणसांच्या कडदोऱ्याला कानकोरण्याबरोबर लटकणारे चांदीचे दातकोरणे. आमची आजी तर लुगड्याच्या काठाचा सुटलेला दोरा ओढून दाताच्या फटीतून फिरवीत असे. तिला पार्मलीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणजे दोरा आपल्याला परका नाही. परका आहे तो ‘रोज’ हा शब्द. काही अडकल्यावर कोरणे आणि काही अडकलेले जाणवत नसताना रोज कोरणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्याची आठवण जीभ करून देते; दुसऱ्याची आठवण ज्याची त्याने ठेवावी लागते.

मग माणसे खोटे का बोलतात? दंतवैद्याकडून काही लाच मिळत नाही, खरे बोलल्यास दंडही होत नाही. माझ्या मते याचे उत्तर प्रश्नाच्या सुरात आहे. ‘रोज दोन वेळा ब्रश करता ना?’ या वाक्यातील शेवटच्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. विचारणारा खुर्चीपाशी उभा, उत्तर देणारा आडवा, तोंड उघडे, तोंडात आरसा. अशा वेळी माणसाला वाटते की आपली माहिती विचारली जात नसून झडती घेतली जात आहे. झडतीच्या वेळी जो तो खिसे रिकामे दाखवितो. त्यातही ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी असल्या खुर्चीत बसलेले नाही, त्याला तर खरे बोलणे आणि अडाणी ठरणे ही एकच गोष्ट वाटते. तो बिचारा ‘हो’ म्हणतो आणि सुटतो.

फ्लॉसच्या बाबतीत या ‘हो’ची किंमत फार तर एखादी दाढ असेल. परंतु हीच सवय जेव्हा आपल्या घरातील दुसऱ्या एका दंतमंजनाला लागू होते, तेव्हा किंमत दाढेवर थांबत नाही. ते मंजन म्हणजे मशेरी.

मशेरी काय असते हे ग्रामीण भागातून आलेल्या माझ्या मित्रांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटून तिची पूड करतात आणि बोटाने ती दातांना व हिरड्यांना लावतात. सुरुवात दात घासण्याने होते. पुढे दात बाजूला राहतात आणि लावणे राहते. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्याला बंदी कोण घालणार? देशातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाची २०१६-१७ साली जी पाहणी झाली, तीत शंभर स्त्रियांमागे सुमारे १३ जणी बिनधुराची तंबाखू घेतात असे नोंदले गेले. अशी तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केले आहे. तेव्हा येथे ‘तुम्ही दाताला काय लावता?’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणे ही जिवाची गोष्ट आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या श्रमसंस्कार शिबिरात दंततपासणी झाली, तेव्हा मी नावे लिहून घेण्याच्या कामावर होतो. छापील फॉर्मवर प्रश्न होता : ‘तंबाखू खाता का?’ पन्नाशीच्या एका बाईंनी डॉक्टरांना ठामपणे सांगितले, “न्हाई ओ. म्या कशाला तंबाखू खातीया?” डॉक्टरांनी ‘नाही’वर खूण केली. शेजारी बसलेल्या आमच्या एका वर्गभगिनीने मात्र हळूच विचारले, “मावशी, मशेरी कितींदा लावता?” बाईंचा चेहरा एकदम खुलला. “ती व्हय! ती लागतीच की, पोरी. उठल्यावर एकदा, भाकऱ्या झाल्या की एकदा, रानातनं आलं की, आन् रातच्याला निजताना. न्हाई लावली तर डोकं धरतंय.” डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी घेतली, ओठ बाजूला करून पाहिले. हिरडीच्या आतल्या बाजूस पांढरट चट्टा होता. त्यांना पुढील तपासणीसाठी चिठ्ठी देण्यात आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या बाई खोटे बोललेल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष मळून खातात, आणि मशेरी हे बायकांचे मंजन. प्रश्न त्यांच्या घरातल्या शब्दांत विचारला गेला तेव्हा त्यांनी चारही वेळा न चुकता सांगितल्या. लोक खरे बोलत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी, आपण त्यांना समजेल व लाजवणार नाही असे विचारले का, हे पाहिले पाहिजे. आणि मला वाटते, आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलामुलींचा समाजाला काही उपयोग असेल तर तो येथे आहे. आम्हाला फॉर्मवरची भाषा येऊ लागली आहे आणि तव्यापाशी बसणाऱ्यांची भाषा आम्ही अजून विसरलेलो नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, फ्लॉस हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे आणि त्याच्या उपयोगाचा पुरावाच नाही. यात थोडे तथ्य आहे. २०१६ साली अमेरिकेतील एका वृत्तसंस्थेने पंचवीस अभ्यास तपासून पुरावा कमकुवत असल्याचे प्रसिद्ध केले आणि बराच गदारोळ झाला. २०१९ साली अशा अभ्यासांचा पुन्हा आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, ब्रशच्या जोडीला फ्लॉस वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, पण पुरावा भक्कम म्हणता येत नाही. परंतु २००६ सालच्या एका आढाव्यातील गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. लहान मुलांच्या दातांत शाळेच्या प्रत्येक दिवशी जाणकार माणसाने स्वतः फ्लॉस फिरविला, तेव्हा पावणेदोन वर्षांत दोन दातांमधील किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. मुलांनी स्वतःच्या हाताने केले तेव्हा मात्र फरक दिसला नाही. म्हणजे दोऱ्यात गुण नाही असे नव्हे. ‘करतो’ म्हणणे आणि नीट करणे यांच्या मधल्या फटीत तो गुण अडकून राहतो. आणि पाश्चात्त्य खूळ म्हणावे, तर दात दिवसातून दोन वेळा घासावेत हे आपल्या चरकसंहितेतही सांगितलेले आहे. काड्यांसाठी करंज, रुई अशी झाडेही तेथे दिली आहेत. हिरडीला इजा होऊ न देता घासावे, ही सूचनाही आहे. सल्ल्याची वाण पूर्वीही नव्हती.

दुसरा आक्षेप असा की, विचारण्यात सौम्यपणा आणला तर माणसे अधिकच आळशी होतील. थोडा धाक हवाच. धाकाने काय होते हे आपण विद्यार्थ्यांनी तरी सांगायला हवे! गुरुजनांची क्षमा मागून लिहितो, ‘संदर्भग्रंथ वाचलात ना?’ असे वर्गात विचारले की सत्तर माना एकदम हलतात. त्या हलण्यावरून ग्रंथालयात किती पुस्तके बाहेर गेली हे कळत नाही. धाकाने मान हलते. हात हलत नाही. ज्या प्राध्यापकांनी ‘कोणत्या पानावर अडलात?’ असे विचारले, त्यांच्या तासाला मात्र पाने उघडलेली मी पाहिली आहेत.

आता माझ्यापुरते सांगतो. मी सकाळी ब्रश करतो, रात्री आठवड्यातून तीनचार दिवस करतो, आणि फ्लॉस वापरत नाही. हे मी माहिती म्हणून लिहीत आहे, त्यात मान खाली घालण्यासारखे मला काही वाटत नाही. कोणी दंतवैद्य या माहितीवरून मला म्हणाला की, ‘बाबा, निदान झोपण्यापूर्वीची वेळ चुकवू नकोस,’ तर तो सल्ला माझ्या उपयोगाचा ठरेल. ‘रोज दोनदा’ असे लिहून दिले असते तर त्याच्यापाशी मला सांगण्यासारखे काही उरलेच नसते. औषध सांगितलेल्या दुखण्यावर मिळते. झाकलेल्या दुखण्यावर कोण देणार?

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असे म्हणतात. माणसाने त्यात तिसऱ्या जातीची भर घातली, ती सांगायच्या दातांची. ते कधी किडत नाहीत, त्यांना रोज दोन वेळा ब्रश आणि एकदा दोरा मिळतो, फक्त त्यांनी घास चावता येत नाही.

म्हणून शिबिराची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना या लेखाद्वारे एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या दंततपासणीच्या फॉर्ममधून ‘रोज’ हा शब्द काढावा आणि ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस?’ असा रकाना घालावा. ‘तंबाखू खाता का?’ याच्या जोडीला ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असे दोन प्रश्न छापावेत, आणि ते विचारण्यासाठी त्या त्या भागातील विद्यार्थिनी बसवाव्यात. खर्च एका ओळीच्या शाईचा आहे. येणारे आकडे आजच्याहून वाईट दिसतील. ते पाहून कोणी गावाला नावे ठेवू नयेत, एवढीच काळजी घ्यावी लागेल.