मुंबई हायच्या ठिपक्यावरची माणसं



खनिज तेलाचा पाठ चालू होता. वर्गात विचारलं, "भारतात तेल कुठे मिळतं?" मुलं एका सुरात म्हणाली, "दिग्बोई, अंकलेश्वर, मुंबई हाय!" मग विचारलं, "मुंबई हाय म्हणजे काय?" वर्ग शांत. कुणी डोंगर म्हणालं, कुणी हायवे. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझे बाबा तिथे असतात. चौदा दिवस तिथे, चौदा दिवस घरी."

खरं सांगतो, मला लाज वाटली. इतकी वर्षं मी मुंबई हाय फक्त नकाशात ठिपका म्हणून शिकवत आलो. त्या ठिपक्यावर आमच्या डोंबिवलीतल्या एका मुलाचे वडील राहतात, हे मला माहीतच नव्हतं.

'हाय' म्हणजे भूगर्भातला उंचवटा. म्हणजे डोंगर म्हणणारा मुलगा अगदीच चुकला नव्हता! किनाऱ्यापासून सुमारे 160 किमी, मुंबई ते नाशिक असतं साधारण तेवढं अंतर. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. हे तेल जमिनीखालच्या तळ्यात नसतं. स्पंजात पाणी असावं तसं ते चुनखडीच्या खडकाच्या छिद्रांत असतं. समुद्रतळावरच्या पाइपलाइनने तेल आणि वायू उरणला येतात. उरणचं वीजकेंद्र आणि अलिबागजवळचा थळचा खत कारखाना याच वायूच्या भरवशावर उभे राहिले.

हे सगळं आपण शिकवतो. राहतात ती माणसं.

26 जुलै 2005 चा पूर कल्याण-डोंबिवलीत कोण विसरेल? पण दुसऱ्या दिवशी, 27 जुलैला, मुंबई हायवर काय झालं हे किती जणांना आठवतं? एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी हलवायला जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलं, आदळलं, वायूची नळी फुटली आणि आग लागली. 22 माणसं गेली. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज बुडाला, तेव्हा 70 हून अधिक कामगार गेले. आपला गॅस पेटतो त्यामागे हेही आहे.

आणि मच्छीमार? प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरपर्यंत बोटी न्यायला बंदी आहे. सुरक्षेसाठी ती हवीच. पण खांबांच्या आसऱ्याला मासळी जमते, हे कोळी बांधवांना चांगलंच माहीत असतं. मासळी तिथे आणि जायला मनाई, ही त्यांची अडचण कुठल्या स्वाध्यायात येते?

इथे दूरच्या अलास्काचं उदाहरण उपयोगी पडतं. उत्तरेकडच्या त्या बर्फाळ प्रदेशात 1968 मध्ये मोठा तेलसाठा सापडला आणि 1977 मध्ये पाइपलाइनमधून तेल वाहू लागलं. म्हणजे जवळजवळ आपल्याच काळात. पण पाइपलाइन टाकण्याआधी तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीचा प्रश्न सोडवावा लागला. 1971 च्या कायद्याने त्यांना सुमारे 4.4 कोटी एकर जमीन आणि 96 कोटी डॉलर मिळाले. त्या व्यवहाराबद्दलही तिथे मतभेद आहेत. पण निदान 'ही जमीन कुणाची?' हा प्रश्न विचारला तरी गेला. आपल्याकडे समुद्राचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. मग पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाळी टाकणाऱ्यांचा हक्क मोजायचा कसा? नववी-दहावीची मुलं यावर छान वाद घालू शकतात.

काही शिक्षक म्हणतील, "सर, पोर्शन कधी संपवायचा?" मान्य आहे. पण एकच तासिका लागते. नकाशावर अंतर मोजायला लावा. घरातला गॅस कुठून येतो, हे मुलांना शोधून आणू द्या. आणि वर्गात कुणाचे आई-वडील रिगवर, रिफायनरीत, एमआयडीसीत किंवा बंदरावर काम करत असतील, तर त्यांना वीस मिनिटं बोलवा. पालकांनो, तुम्हीही संकोच करू नका, तुमचं कामच आमचा पाठ आहे.

त्या मुलाचे बाबा पुढच्या सुट्टीत वर्गात येणार आहेत. मुलांनी आत्ताच प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला प्रश्न आहे : "काका, तिथे रात्री भीती वाटते का?"

हा प्रश्न माझ्या प्रश्नपत्रिकेत कधीच नव्हता.