आडवा शब्द, चार घरं

क्लू असा: 'नगरला जन्मलेला, ब्रिटिश रेडिओ गाजवणारा'. चार घरं. डोकं खाजवताय ना? उत्तर आहे मिलिगन. बॉस, स्पाइक मिलिगन!

१६ एप्रिल १९१८ ला अहमदनगरात (आताचं अहिल्यानगर) जन्म, वडील ब्रिटिश लष्करात, बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये. १९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर धमाल उडवणाऱ्या 'द गून शो'चा मुख्य लेखक हाच. इंग्रजी कोड्यात त्याला आठ घरं लागतात, आपल्याकडे वेलांटीसकट चारांत बसतो. जोडाक्षरालाही एकच घर, म्हणून 'प्रवरा' तीन घरांत मावते. आणि नगरची नदी, हिंदीत छाती, दोन घरं? सीना! हे आपलं फुकटात.

पण तो 'ब्रिटिश' होता का? पठ्ठ्या दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात लढला (नगरच्या तोफखान्याशी संबंध नाही). तरी १९६२ च्या नव्या कायद्यानंतर नागरिकत्वाचं त्रांगडं झालं. जन्म भारतातला, वडील आयरिश. मग यानं सरळ आयरिश नागरिकत्व घेतलं. २००२ मध्ये गेला तो आयरिश म्हणूनच.

तेव्हा कोडं रचणाऱ्या मंडळींनो, क्लूमधलं 'ब्रिटिश' रेडिओपुरतंच ठेवा. 'नगर' मात्र खोडू नका.