सरकारचं अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ ब्रिटनमधल्या मराठी घरात राजकारणाचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कोणीतरी हे म्हणतंच. आपण इथे आलो, पहिली काही वर्षं पौंडाचे रुपये करत भाजी घेतली, घराचे हप्ते वेळेआधी फेडले. मग सरकारने का उधळावं? तुम्हीही हे म्हटलं असेल. तुमच्या घरापुरतं ते बरोबर आहे. मंदीतल्या सरकारला ते लावलं की नुकसान होतं, आणि ते आपण इथे राहून पाहिलंय.

तुम्ही खर्च कमी केलात म्हणून तुमचा पगार कमी होत नाही, कारण तो दुसरं कोणी देतं. सरकारचं तसं नाही. सरकारने काउन्सिलचा निधी कापला, काउन्सिलने वाचनालय बंद केलं, तिथल्या बाईंची नोकरी गेली. आता त्या प्राप्तिकर भरत नाहीत, उलट भत्ता घेतात. कोपऱ्यावरच्या कॅफेत जाणं त्यांनी सोडलं, म्हणून कॅफेवाल्याने एक मुलगा कमी केला. त्याचाही कर गेला. बरे दिवस असले तर त्या दोघांना दुसरीकडे काम मिळतं. मंदीत घरं हात आखडतात, कंपन्या आखडतात. त्याच वेळी सरकारनेही आखडला तर खरेदी करायची कोणी?

२०१० साली इथे नेमकं हेच केलं गेलं. मजूर पक्षाचे मावळते मंत्री लियम बर्न यांनी अर्थखात्यात आपल्या जागी येणाऱ्यासाठी, पैसे उरले नाहीत, अशा अर्थाची एका ओळीची चिठ्ठी ठेवली होती. थट्टाच ती, पण आघाडी सरकारने ती पुढची पाच वर्षं झेंड्यासारखी मिरवली. २२ जूनला जॉर्ज ऑस्बर्न यांनी तातडीचा अर्थसंकल्प मांडला. जानेवारी २०११ पासून व्हॅट साडेसतरावरून २० टक्क्यांवर गेला. स्थानिक संस्थांना केंद्राकडून मिळणारा निधी पुढच्या सात वर्षांत, महागाई वजा जाता, जवळजवळ निम्मा झाला. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर मार्च २००९ पासूनच अर्ध्या टक्क्यावर होता, म्हणजे दर उतरवून मंदी हटवायची सोयही फारशी उरली नव्हती. सरकारला कर्ज मात्र स्वस्तात मिळत होतं. रस्ते, घरं, रेल्वे बांधायला याहून चांगली वेळ कुठली?

आणि एवढं कापून कर्ज तरी कमी झालं का? २०१० मध्ये ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास होतं, २०१५ मध्ये ८० टक्क्यांच्या वर. जी पत राखण्यासाठी हा सगळा खटाटोप, ती ‘ट्रिपल ए’ पत मूडीजने फेब्रुवारी २०१३ मध्ये काढून घेतली. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या अहवालात मान्य केलं होतं की कपातीने उत्पादन किती घटतं याचा अंदाज फार कमी धरला गेला होता. नाणेनिधी म्हणजे काही डाव्यांचा अड्डा नव्हे.

तुमच्या-माझ्या गावाकडे हे शहाणपण आधीपासून होतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लोकांना घरी बसवून फुकट वाटप केलं नाही. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामं काढली आणि मजुरी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे कायद्यात आली. राज्याला नोटा छापता येत नाहीत, म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसायकर बसवला. मुंबई-पुण्यात नोकरी केली असेल तर पगारपत्रकावरची ती ‘प्रोफेशन टॅक्स’ची ओळ तुम्हाला आठवेल. शिल्लक टाकू शकणाऱ्याकडून घेतलेले पैसे बाजारच्या दिवशी धान्य-मीठ घेणाऱ्याच्या हातात गेले, आणि गावचं दुकान उघडं राहिलं.

यावर तुम्ही लिझ ट्रस यांचं नाव घ्याल, आणि घ्यायलाच हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या सरकारने उसन्या पैशावर ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि पौंड कोसळला. पण तेव्हा बेरोजगारी चार टक्क्यांच्याही खाली होती आणि महागाई १० टक्क्यांच्या घरात. भरल्या हंड्यात पाणी ओतलं तर ते सांडणारच. अमेरिकेने २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलर ओतले तेही, माझ्या मते, थोडे जास्त आणि थोडे उशिरा होते; जून २०२२ मधली ९.१ टक्के महागाई काही अंशी त्याचीच. ग्रीसचं उदाहरण वेगळं. त्याचं कर्ज युरोत होतं आणि युरो त्याच्या हातात नव्हता. ब्रिटन पौंडात कर्ज घेतं.

राहिला नातवंडांवरच्या ओझ्याचा मुद्दा. कपातीच्या बाजूने तोच सगळ्यात जास्त वापरला गेला. याच सरकारने डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठांची फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत वाढवू दिली, आधीच्या जवळजवळ तिप्पट. २०१२ पासून ती लागू झाली. आपल्या मुलांनी ते कर्ज सरकारच्या नव्हे, स्वतःच्या नावावर घेतलं, आणि त्यांच्या पगारातून ते अजून कापलं जातंय.