सर्व्हरचाही मेन्टेनन्स भरावा लागतो

लाइटबिल थकलं की पंप बंद, पंप बंद की टाकी कोरडी. वसई-विरारमध्ये सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. उद्या तुमच्या मंडळात कुणी म्हणालं, 'फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर किती दिवस विसंबायचं, आपला स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर काढू', तर त्या वेळी ही टाकी आठवा.

विचार चांगला आहे, मला मनापासून पटतो. सामवेदी, वाडवळी बोलीतली लग्नगीतं, आजीआजोबांचे फोटो परक्या कंपनीच्या मर्जीवर का ठेवायचे? ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, देशी म्हणून गाजलेलं कू 2024 मध्ये. मॅस्टोडॉनला असा एक मालक नाही. 2016 मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या या सोशल मीडियाच्या जाळ्यात हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा कारभार वेगळा, तरी ईमेलसारखे ते एकमेकांशी बोलतात. नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले होते.

पण मालक नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हे. सर्व्हरचं भाडं, डोमेनचं नूतनीकरण हे तर आहेच. शिवाय आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती आपल्या सर्व्हरवर साठत जातात आणि डिस्क भरते. पैशापेक्षाही जड असतात त्या तक्रारी. कुणी शिवी दिली, कुणी मुलीचा फोटो न विचारता टाकला, कुठून तरी स्पॅमचा लोंढा आला. विरार लोकलने रात्री घरी पोचलेल्या एकट्या अ‍ॅडमिनने जेवण बाजूला ठेवून हे निस्तरायचं, तेही रोज आणि फुकट! 2023 मध्ये मॅस्टोडॉन डॉट लोल हा हजारो सदस्यांचा सर्व्हर चालवणाऱ्याने असल्याच मनस्तापाला कंटाळून बंद केला. निदान त्याने आधी सूचना दिली. सर्व्हर बदलला तर तुमचे फॉलोअर नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र जात नाहीत. आजीची गाणी तिथेच राहिली, तर सगळा खटाटोप वाया.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल, तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, द्वेषाच्या मजकुरावर लक्ष, अडीनडीला सर्व्हर हाताळू शकणारी किमान आणखी एक व्यक्ती आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना. आपण यादीत जाऊ न जाऊ, याहून कमी चालवून घेऊ नका.

हे आपल्याला जमणार नाही, असं मुळीच नाही. वसईच्या कॅथलिक समाजाने 1918 मध्ये सुरू केलेली पतसंस्था आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून उभी आहे. सभासद, वर्गणी, हिशेब, वार्षिक सभा ही शिस्त इथल्या मातीला नवी नाही. तीच सर्व्हरला लावा.

म्हणून खातं उघडण्याआधी विचारा: चावी किती जणांकडे आहे, बॅकअप कुठे ठेवतात, वर्षाचा खर्च कोण देतं? उत्तर 'एकटाच बघतो' असं आलं, तर तिथून निघून जाऊ नका. महिन्याची वर्गणी ठरवा आणि आठवड्यातली एक रात्र तक्रारी पाहायला स्वतःच्या नावावर लिहून घ्या.